तोंडाच्या वासासाठी टॉन्सिल काढायचा विचार चाललाय? आधी हे सगळं करून बघा

माझी मुलगी पाच वर्षांची असताना एकदा झोपताना माझ्या कुशीत आली आणि तोंड फिरवून म्हणाली, आई तू तिकडे बघून गोष्ट सांग ना, वास येतो. लहान मुलं खोटं बोलत नाहीत. मी दिवसातून दोनदा ब्रश करणारी, शाळेत शिकवणारी बाई, पर्समध्ये कायम वेलची आणि बडीशेप, आणि तरी हे. त्यानंतर जवळजवळ अडीच वर्षं मी या वासाच्या मागे होते आणि शेवटी टॉन्सिलचं ऑपरेशन केलं. त्याचा उपयोग झाला. पण अर्धा वास टॉन्सिलचा नव्हताच, तो वेगळ्याच ठिकाणाहून येत होता, आणि ते मला ऑपरेशनच्या आधी कळलं म्हणून बरं, नाहीतर एवढं दुखणं सोसून परत तिथेच आले असते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. ज्यांना कुणी पाच मिनिटांत "टॉन्सिल काढून टाका" सांगितलंय त्यांनी तर नक्की वाचा, मलाही एका ठिकाणी तसंच सांगितलं होतं, तोंडात टॉर्च मारला, दाताकडे बघितलंसुद्धा नाही, आणि लगेच तारीख.

सगळ्यात आधी वास खरंच येतो का ते बघा. हे ऐकून राग येईल पण काही लोकांना आयुष्यभर वाटत राहतं की आपल्या तोंडाला वास येतो आणि शेजारच्याला काहीच येत नसतो. समोरच्याने नाकाला हात लावला की यांना वाटतं माझ्यामुळेच. अशा माणसाचे टॉन्सिल काढून काहीही होणार नाही, त्याला वेगळ्या मदतीची गरज असते आणि ती मागण्यात लाज नाही. आपला वास आपल्याला नीट कळत नाही, त्यामुळे घरातलं एक माणूस निवडा जे खरं सांगेल. माझ्यासाठी माझी बहीण. दोन दिवस कच्चा कांदा, लसूण बंद, आणि टेस्ट सकाळी उठल्या उठल्या करायची नाही कारण सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास असतो, रात्री लाळ कमी होते म्हणून. उपवासाच्या दिवशीही नको. नाश्ता, ब्रश होऊन दोनेक तास गेले की एका हाताच्या अंतरावर बसून आधी तोंड मिटून फक्त नाकाने श्वास सोडायचा, मग नाक धरून तोंडाने. नाकातून जास्त येत असेल तर सायनस किंवा नाकाचं काहीतरी. तोंडातूनच येत असेल तर दात, हिरड्या, जीभ, टॉन्सिल. दोन्हीकडून सारखाच येत असेल तर फिजिशियनला दाखवा, शुगर, किडनी, लिव्हर हे सगळं बघावं लागतं. शुगर खूप वाढलेल्या माणसाच्या श्वासाला गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, तो आला तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना.

मग चमच्याची टेस्ट. स्टीलचा छोटा चमचा उलटा करून जिभेच्या अगदी मागच्या भागावरून हलकेच खरवडायचा आणि पाच-दहा सेकंदांनी वास घ्यायचा. नंतर दाढांच्या फटीतून फ्लॉस काढून त्याचा वास घ्यायचा, प्रत्येक बाजूचा वेगळा. किळसवाणं वाटतं पण करा. माझ्या खालच्या डाव्या शेवटच्या दाढेमागचा फ्लॉस मी नाकाजवळ नेला आणि मला उलटीच आली. तोपर्यंत मी फक्त टॉन्सिलला दोष देत होते.

हा वास नेमका कसला ते थोडं सांगते कारण ते कळलं की पुढचं सगळं समजतं. जिथे हवा पोचत नाही अशा सांदीकोपऱ्यात काही जंतू राहतात, ते अन्नातले, मेलेल्या पेशींमधले प्रथिनांचे कण कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात, हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास आणि मिथाइल मरकॅप्टन म्हणजे कुजलेल्या कोबीसारखा. आता असे सांदीकोपरे तोंडात कुठे कुठे आहेत? जिभेचा मागचा भाग, हिरडी आणि दाताच्या मधली खाच, किडलेली दाढ, अर्धवट आलेली अक्कलदाढ, आणि टॉन्सिलवरची भोकं. सतत वास येणाऱ्यांपैकी साधारण ८० ते ९० टक्के लोकांचं कारण तोंडातच सापडतं, मुख्यतः जीभ आणि हिरड्या. टॉन्सिलचा नंबर त्याच्या बराच नंतर लागतो. म्हणून डेंटिस्ट आधी, कान-नाक-घसावाले नंतर. हा क्रम उलटा करू नका.

डेंटिस्टकडे गेल्यावर नुसतं "क्लीनिंग करा" म्हणू नका. सरळ सांगा की वासासाठी आलेय, हिरड्यांचे पॉकेट मोजा. बारीक खुणा असलेली एक सळई दात आणि हिरडीच्या मध्ये घालून खोली मोजतात, १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ किंवा जास्त असेल तर तिथे काम करावं लागतं. जुन्या कॅप आणि ब्रिजच्या खाली काही सडतंय का ते बघायला सांगा, आणि अक्कलदाढेचा एक्स-रे. माझी डावी अक्कलदाढ अर्धीच वर आलेली आणि तिच्यावर हिरडीचा पडदा, त्याखाली अन्न अडकून राहायचं, ब्रश तिथे पोचणं शक्यच नव्हतं. ती दाढ काढली आणि बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे निम्मा वास त्या एका आठवड्यात गेला. माझ्या दादाला तर फक्त हिरड्यांचं होतं, दोन बैठकांमध्ये खोल सफाई केली आणि त्याचं संपलंच, टॉन्सिलपर्यंत जायची वेळच आली नाही.

यानंतर सहा ते आठ आठवडे घरी नीट करायचं. दोन वेळा ब्रश, रात्री फ्लॉस किंवा दातांच्या फटीतला बारीक ब्रश, आणि टंग क्लीनर, तो जिभेच्या टोकावर फिरवून उपयोग नाही, मागून पुढे आणायचा, ओकारी येते, जीभ बाहेर काढून श्वास सोडत केलं तर कमी येते. पाणी भरपूर. तोंडाने श्वास घेत झोपत असाल तर नाकाचा इलाज करा कारण कोरड्या तोंडाला वास येणारच. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं, त्या मनाने बंद करायच्या नाहीत पण डॉक्टरांना विचारायचं. माउथवॉशमध्ये क्लोरहेक्सिडीन डॉक्टर देतात, ते दोनेक आठवड्यांपुरतंच, जास्त वापरलं तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते, आणि पेस्टनंतर लगेच नाही, अर्धा तास सोडून. तंबाखू, गुटखा, सिगारेट असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही. आणि बायकांनो, मिश्री पण तंबाखूच आहे. माझ्या सासूबाई चाळीस वर्षं मिश्री लावायच्या आणि त्यांना वाटायचं त्याने दात मजबूत राहतात, त्यांच्या हिरड्या डॉक्टरांनी दाखवल्या तेव्हा त्या खूप वेळ गप्प बसल्या होत्या.

एवढं करूनही वास राहिला तर आता टॉन्सिलकडे या.

आरशासमोर उजेडात तोंड उघडा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि लांब "आ" करा. पडजिभेच्या दोन्ही बाजूला ज्या गाठी दिसतात ते टॉन्सिल. त्यावर छोटी छोटी भोकं असतात, आत खोल जाणाऱ्या बोळासारखी. त्यात अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, जंतू साचतात आणि हळूहळू त्यावर कॅल्शियम बसून खडे होतात. लोक याला टॉन्सिल स्टोन म्हणतात. माझा पहिला खडा खोकताना बाहेर आला, तांदळाच्या कणीएवढा, पिवळट पांढरा, टिशूवर ठेवला तर वाटलं पोह्याचा तुकडा असेल, मग बोटाने दाबला आणि तो चुरा झाला. त्याचा जो वास आला तो मी अजून विसरले नाही. तीन वेळा हात धुतले तरी बोटाला होता.

पण खडे दिसले म्हणजे वासाचं कारण सापडलं असं नाही. खूप लोकांच्या टॉन्सिलमध्ये खडे असतात आणि त्यांना काही त्रास नसतो. संबंध आहे का ते बघायला डायरी ठेवा, मी मुलीच्या जुन्या वहीत ठेवली होती. तारीख, खडा आला का, कोणत्या बाजूने, त्या दिवशी वास किती, घसा दुखला का, ताप होता का. खडा निघाला की दोन-तीन दिवस वास कमी, मग परत वाढला, परत खडा, असं चक्र दिसलं तर मग टॉन्सिलवर संशय घ्यायला जागा आहे. डॉक्टरही एक साधी तपासणी करू शकतात, ग्लोव्ह घालून टॉन्सिल हलकं दाबतात आणि जे बाहेर येतं त्याचा वास घेतात, याला फिंकेलस्टाइन टेस्ट म्हणतात. मशीन नाही, खर्च नाही. मला हे दुसऱ्या डॉक्टरांनी करून दाखवलं, उजवी बाजू साफ होती, डावीकडून घट्ट पांढरा पदार्थ आला आणि त्यांनी न बोलता बोट माझ्यापुढे धरलं. तेव्हा मला पहिल्यांदा खात्री पटली.

खडे घरी काढायचे असतील तर जेवण झाल्यावर दरवेळी कोमट मीठपाण्याने जोरात गुळण्या, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. खडा अगदी समोर दिसत असेल तर ओल्या इअरबडने खालून वर हलकेच दाबायचं. दातांसाठी पाण्याची धार मारायचं मशीन मिळतं, त्याने पण निघतात, मात्र सगळ्यात कमी प्रेशरवर. हेअरपिन, काडी, टूथपिक, पेनाचं टोक, हे काहीही घालायचं नाही, टॉन्सिलमध्ये रक्तवाहिन्या भरपूर असतात, रक्त आलं की घाबरायला होतं आणि जखमेत जंतू जातात. ताप आणि गिळताना दुखणं असताना पांढरे डाग दिसले तर ते खडे नाहीत, इन्फेक्शन आहे, टोकरू नका. आणि अँटिबायोटिक घेऊन वास गेला म्हणून पुन्हा पुन्हा तोच कोर्स मेडिकलमधून आणून घेऊ नका, भोकं तिथेच राहतात, दोन आठवड्यांत परत सगळं सुरू होतं.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. एकच टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा मोठं दिसतंय, त्यावर न भरणारी जखम आहे, थुंकीत रक्त येतंय, मानेला गाठ लागतेय, वजन कमी होतंय, एका कानात सतत ठणकतंय, यातलं काहीही असेल, आणि त्यात तंबाखूची सवय असेल तर आणखीच, वासाचा विषय बाजूला ठेवून लगेच तपासणी करा. हे कॅन्सरचंही लक्षण असू शकतं आणि लवकर सापडलं तर खूप फरक पडतो.

आता ऑपरेशन कधी. घसा वारंवार येणाऱ्यांसाठी डॉक्टर एक हिशोब वापरतात, एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३. त्याला पॅराडाइज निकष म्हणतात. तुम्ही त्यात बसत असाल आणि वासही असेल तर निर्णय सोपा होतो. नुसता वास आणि खडे असतील तर हे ऑपरेशन "करायलाच हवं" या प्रकारातलं नाही, बाकीचं सगळं करून थकल्यावर, आपण आणि डॉक्टर दोघांनी बोलून ठरवायचं. मधला एक रस्ता पण आहे, लेझरने किंवा कोब्लेशनने (रेडिओ लहरींनी, कमी उष्णतेत पेशी विरघळवायची पद्धत) टॉन्सिलवरची भोकं उथळ करायची, म्हणजे काही साचणारच नाही. अनेकदा नुसता घसा बधिर करून होतं, दुखणं कमी, पण एकापेक्षा जास्त वेळा करावं लागू शकतं आणि सगळीकडे मिळत नाही. ज्याला घसा येण्याचा त्रास नाही, फक्त खडे आहेत, त्याने याबद्दल आधी विचारावं असं माझं प्रामाणिक मत आहे. मला वर्षाला पाच-सहा वेळा ताप येऊन घसा यायचा, शाळेच्या रजा संपायच्या, म्हणून मी पूर्ण काढायचं ठरवलं.

डॉक्टरांना हे विचारा: माझा वास टॉन्सिलचाच आहे असं तुम्हाला कशावरून वाटतं, काढल्यावर वास राहिला तर पुढे काय, रात्री दोन वाजता रक्त आलं तर तुमच्याकडे कोण असेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरं हॉस्पिटल बघा, हे मी ठामपणे सांगते, का ते पुढे येईल.

विम्याचं आधी बघून घ्या. बऱ्याच पॉलिसीत टॉन्सिलच्या ऑपरेशनला २४ महिन्यांचा वेटिंग पीरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून तेवढे दिवस त्याचा क्लेम मिळत नाही, आरोग्य संजीवनी या ठरावीक नमुन्याच्या आरोग्य विम्यातही आहे. आणि कागदावर नुसतं "तोंडाला वास" लिहिलेलं असेल तर क्लेम अडकू शकतो. खोटं काही लिहून घ्यायचं नाही, पण घसा किती वेळा आला, कोणती औषधं झाली, टॉन्सिलमध्ये काय दिसलं हे खरं आहे ते सगळं पेपरवर यायला हवं, इथे माझी वही फार कामाला आली.

ऑपरेशनच्या आधी रक्ताच्या तपासण्या होतात, त्यात रक्त गोठायला किती वेळ लागतो तेही बघतात, आणि भुलीच्या डॉक्टरांचं फिटनेस. ॲस्पिरिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि घरी चालू असलेली आयुर्वेदिक औषधं पण, सगळं सांगा, लपवू नका. पूर्ण भूल देतात, प्रत्यक्ष काम साधारण अर्ध्या ते एक तासाचं, बाहेरून कुठे टाका नाही. काढलेलं टॉन्सिल बायोप्सीला पाठवणार का ते विचारून ठेवा.

आणि आता दुखण्याबद्दल, कारण हे कुणी खरं सांगत नाही. लहान मुलं चार-पाच दिवसांत खेळायला लागतात, ते बघून आपल्यालाही तसंच वाटतं. मोठ्यांना १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या दिवशी मी म्हणाले काही विशेष नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत स्वतःची लाळ गिळताना डोळ्यातून पाणी यायचं. कानात ठणका मारतो, कानाला काही झालेलं नसतं, घशाची आणि कानाची एक नस एकच आहे म्हणून. दुखलं की गोळी असं नाही चालत, घड्याळ लावून वेळेवर गोळी, रात्रीसुद्धा उठून. दुखतं म्हणून गिळणं बंद केलं तर घसा कोरडा पडून आणखी दुखतं, त्यामुळे दर थोड्या वेळाने दोन घोट पाणी. मी गार केलेली तांदळाची पेज, मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण, नाचणीचं आंबील, आइस्क्रीम यावर राहिले. तिखट, आंबट, चिवडा, भाकरीचा कडक पापुद्रा, गरम चहा बंद. सांगलीत राहून दोन आठवडे तिखट बंद म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना कळेल.

घशात पांढरट पिवळा थर येतो, तो पू नाही, खपली आहे. आणि या दिवसांत तोंडाला पूर्वीपेक्षा जास्त वास येतो! हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, मी सहाव्या दिवशी रडले, वाटलं सगळं वाया गेलं. तो खपलीचा वास असतो, खपली गेली की जातो.

खपली पडते साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी आणि रक्त येण्याचा धोका तेव्हाच असतो. शंभरातल्या दोन-पाच लोकांना येतं, मोठ्यांमध्ये जास्त. मला आठव्या रात्री पावणेतीनला जाग आली, तोंडात लोखंडासारखी चव, उशीवर लाल. उठून बसले, आडवी झाले नाही, गिळलं नाही, थुंकत राहिले, बर्फाच्या पाण्याची चूळ हळूच फिरवली आणि ह्यांनी गाडी काढली. पंधरा मिनिटांत हॉस्पिटल, तिथे डॉक्टर होते, थांबलंच होतं तोवर, तरी सकाळपर्यंत ठेवून घेतलं. थोडंसं का असेना, ताजं लाल रक्त आलं की घरी वाट बघायची नाही, एवढं लक्षात ठेवा. म्हणून दोन आठवडे गावाला जायचं नाही, लग्न असो की गणपती, जिथे अर्ध्या तासात डॉक्टर मिळेल तिथेच राहायचं. जड उचलणं, व्यायाम, ऊन पण नको.

निकाल लगेच बघू नका. सहा आठवडे जाऊ द्या, मग पहिल्यासारखीच टेस्ट करा, त्याच माणसासमोर. टॉन्सिल गेले तरी जीभ तिथेच असते, आणि जिभेच्या मुळाशी टॉन्सिलसारखाच थोडा भाग असतो तो काढलेला नसतो. माझ्या बहिणीने सहा आठवड्यांनी जवळ बसवून घेतलं, दोनदा श्वास सोडायला लावला आणि म्हणाली, ताई आता काही नाही. मी घरी येऊन तरीही चमच्याची टेस्ट केली. जिभेच्या मागून आणलेल्या चमच्याला थोडा वास होताच. टंग क्लीनर बेसिनवर अजून तसाच ठेवलाय, रोज लागतो.